गायकवाड आडनावाचा मागोवा

नगर जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या धर्मग्रामाची स्नानसंस्काराची नोंदवही घ्यावी आणि चार-सहा पाने उलटावीत. गायकवाड हे आडनाव दृष्टीस पडले नाही असे सहसा होत नाही. साळवे, शिंदे, जाधव, भालेराव, पंडित, त्रिभुवन, पारखे, अमोलिक, दुशिंग अशी जी आडनावांची रांग या पानांतून उभी राहते, तिच्यात गायकवाड मंडळी पुढेच असतात. हेच आडनाव बडोद्याच्या राजघराण्याचे आहे, नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या इतिहासात ते आहे, क्रिकेटच्या धावफलकावर आहे आणि ‘उचल्या’ या गाजलेल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावरही आहे.

आपली मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली की त्यांना एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो. “गायकवाड, आणि ख्रिश्चन? ते कसे काय?” वसईकडची डाबरे, दिब्रिटो, घोन्साल्विस ही आडनावे किंवा गोव्याकडची डिसोझा, फर्नांडिस ही आडनावे ऐकण्याची सवय झालेल्यांस आपली आडनावे ख्रिस्ती वाटत नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. परंतु उत्तर देणारा मुलगा गोंधळतो, कधी हसून वेळ मारून नेतो, तर कधी आपण कोणाचे तरी आडनाव उसने वापरीत आहोत अशा संकोचाने मान खाली घालतो. या संकोचाचे काहीच कारण नाही, हे दाखविण्यासाठी हा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ व्युत्पत्तीपासून करू. बडोद्याच्या घराण्यात सांगितली जाणारी कथा महाराष्ट्रात बरीच प्रसिद्ध आहे. घराण्याचे एक पूर्वज, नंदाजी नावाचे, मावळातील एका किल्ल्यावर होते. एकदा एक कसाई गाई हाकीत किल्ल्याच्या वाटेने चालला असता नंदाजींनी किल्ल्याचे कवाड उघडले, गाई आत घेतल्या आणि त्यांचे प्राण वाचविले. गाईंसाठी कवाड उघडणारे म्हणून ते ‘गायकवाड’ झाले. कथा सुरस आहे, आणि तीतील ‘कवाड’ हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत असल्याने ती पटकन पटतेही. तथापि आडनावांच्या अशा कथा बहुधा आडनाव रूढ झाल्यावर त्याचा अर्थ लावण्यासाठी रचल्या जातात, असे आमचे मत आहे. एका माणसाच्या एका कृत्यातून नाव पडले असेल तर ते त्याच्या वंशजांपुरते राहावयास हवे. गायकवाड हे आडनाव तर गावोगावी, निरनिराळ्या जातींत आणि एकमेकांशी रक्ताचा काहीही संबंध नसलेल्या घरांत आहे. तेव्हा ही कथा बडोदेकरांची कुलकथा म्हणून आदराने ऐकावी, सर्व गायकवाडांची जन्मकथा म्हणून मात्र ती घेता येणार नाही.

बडोदेकरांचा इतिहास थोडक्यात असा. पुणे जिल्ह्यातील दावडीचे दमाजी गायकवाड हे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरी होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यांनी पराक्रम गाजविला आणि त्यांस समशेरबहादूर हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजी यांनी गुजरातेत पाय रोवले. १७३२ मध्ये डाकोर येथे त्यांचा खून झाला. पिलाजींचे पुत्र दुसरे दमाजी यांच्या काळात बडोदे गायकवाडांकडे स्थिरावले, ते १९४९ साली संस्थान विलीन होईपर्यंत. या घराण्याचा सर्वांत कीर्तिमान पुरुष म्हणजे तिसरे सयाजीराव. ते जन्मले आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात, १८६३ साली. शेतकरी कुटुंबातील गोपाळराव नावाचा हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन राजा झाला. आडनाव एकच असूनही कवळाण्याचा गायकवाड नांगर धरीत होता आणि बडोद्याचा गायकवाड सिंहासनावर होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१८८४ साली इंग्रज सरकारने अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, जुन्या कागदांचा उल्लेख करताना आम्ही जुनेच नाव ठेविले आहे.) त्या ग्रंथात जातवार माहिती देताना प्रत्येक जातीतील आडनावे नमूद करण्याची पद्धत आहे. ती पाने ओळीने वाचीत गेले की एक गंमत लक्षात येते. कुणब्यांच्या यादीत जी आडनावे आहेत त्यांतील कितीतरी पुढे महारांच्या, मांगांच्या आणि इतरांच्या यादीत पुन्हा भेटतात. जाधव, पवार, शिंदे, गायकवाड ही नावे जातीची भिंत ओळखीत नाहीत. समान आडनावाच्या घरांत सोयरीक होत नाही, हीही नोंद तेथे जातीजातींखाली आढळते. म्हणजे आडनाव हे कुळाचे चिन्ह होते, आणि एकाच जातीच्या आत सोयरीक कोठे करावी व कोठे करू नये हे ठरविण्यासाठी ते वापरले जाई. जात कोणती हे त्यावरून कळत नसे, कारण ते सांगावयास घर गावाच्या कोणत्या बाजूस आहे एवढे पुरे होते.

ही आडनावे सर्व जातींत पसरली कशी? कोणी म्हणतात, चाकरांनी धन्याचे आडनाव घेतले. कोणी म्हणतात, मूळ कुळे एकच होती आणि काळाच्या ओघात त्यांच्या जाती झाल्या. पहिले स्पष्टीकरण आमच्या मनास कधीच रुचले नाही. धन्याचे आडनाव चाकराने घ्यावे आणि धन्याने ते खपवून घ्यावे, अशी या मुलखाची रीत असल्याचे दिसत नाही. तसे असते तर पाटलाचे आणि देशमुखांचे आडनाव प्रत्येक गावच्या महारवाड्यात दिसले असते. शहाण्णव कुळांच्या ज्या निरनिराळ्या याद्या आहेत त्यांत गायकवाड आहेत, आणि लातूरकडच्या ज्या समाजावर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या समाजातही गायकवाड आहेत. त्याच समाजातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’स १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढे अठरापगड पसरलेले आडनाव कोणा एकाच्या मालकीचे असू शकत नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळू. स्नानसंस्कार झाला, धर्म बदलला, मग आडनाव का बदलले नाही?

गोव्यात व वसईत ते बदलले होते. गोवे १५१० साली आणि वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. तेथे जे लोक ख्रिस्ती झाले त्यांनी धर्मपित्याचे किंवा स्नानसंस्कार देणाऱ्या पाद्रींचे आडनाव धारण केले. एका गावचे लोक एकाच दिवशी ख्रिस्ती झाले तर सगळ्या गावास एकच आडनाव मिळाले. असे असूनही जुनी नावे पुसली गेली नाहीत. मंगळूरकडील कित्येक कॅथलिक घरे आपले मूळ प्रभू, कामत, शेणई हे आडनाव आजही जाणून आहेत. हा फेरबदल ख्रिस्तसभेच्या आज्ञेने झाला असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. त्रेंत येथील महासभेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याची आणि स्नानसंस्कारात धर्मपिता-धर्ममाता यांची नावे नोंदण्याची आज्ञा दिली. आडनाव बदलण्याची आज्ञा तिने दिलेली नाही. सध्याची, म्हणजे १९८३ ची, कायदेसंहिता एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेस परके असे नाव बालकास देऊ नये. तेथे ‘नाव’ म्हणजे बालकाचे स्वतःचे नाव. त्याच्या कुळाच्या नावाशी पवित्र पाण्याचा काही झगडा नाही. वसई-गोव्यात जे झाले ते पोर्तुगीज राज्याच्या चालीरीतीने झाले.

आपल्या जिल्ह्यात पोर्तुगीजांचे राज्य कधीच नव्हते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडे आला. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरास आले, आणि त्या मिशनने आडनावे बदलण्याच्या भानगडीत न पडण्याचा पायंडा येथे आधीच पाडला होता. हरि रामचंद्र खिस्ती हे १८३९ साली ख्रिस्ती झाले ते खिस्तीच राहिले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणारे कविवर्य नारायण वामन टिळक हेही अखेरपर्यंत टिळकच होते. कॅथलिक मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात सुरू झाले. येशुसंघाचे जर्मन धर्मगुरू केंदळ, वळण, संगमनेर, राहाता, हरेगाव अशी एकेक ठाणी करीत गेले. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा आपला जिल्हा त्यात गेला. फादर हेन्री डोरिंग हे याच जिल्ह्यात घोड्यावरून हिंडले, त्यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केले आणि १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. ही मंडळी जर्मन होती. स्वतःची आडनावे लोकांस लावण्याची त्यांची परंपरा नव्हती, आणि लावली असती तरी बायडरलिंडेन हे आडनाव राहुरी तालुक्यात कोणी कसे उच्चारले असते, हे देवच जाणे.

याखेरीज आणखी एक कारण संभवते, आणि आमच्या मते ते अधिक वजनाचे आहे. आपले बहुसंख्य पूर्वज महार वतनदार होते. वतन म्हणजे गावकीचे काम आणि त्याबद्दल मिळणारे बलुते व थोडी जमीन. ही कामे घराघरांत वाटलेली असत. येसकराची काठी वर्षाच्या पाळीने एका घरातून दुसऱ्या घराकडे जाई. कोणाची पाळी, कोणाचा हिस्सा, हे सारे कुळाच्या नावावर चाले. आडनाव सोडणे म्हणजे जमिनीच्या तुकड्यावरील हक्काचा पुरावा आपल्याच हाताने पुसणे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने, धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही, असे ठरविले होते. परंतु हक्क कायद्याने टिकतो आणि पटतो तो कागदाने. गायकवाडाचा मुलगा येशूचा झाला तरी कुलकर्ण्याच्या दप्तरात तो गायकवाडच राहणे सोयीचे होते. वतने १९५८ च्या कायद्याने संपली. तोवर आडनावे पक्की झाली होती.

अशा रीतीने आपल्याकडे जे नाव घडले ते तीन पदरी घडले. पहिले नाव पवित्र शास्त्रातले वा संतांचे: योसेफ, पौलस, याकोब, मार्था, रूथ. मधले वडिलांचे, आणि ते एखाद्या वेळी जुन्या धाटणीचे, भागाजी किंवा सखाराम असे. शेवटचे गायकवाड. जुन्या नोंदवह्या लॅटिन भाषेत असल्यामुळे त्यांत योसेफाचा ‘योसेफुस’ होतो, पण गायकवाडांचे लॅटिन कोणी करू शकले नाही. अडचण एकच झाली, ती ‘ड’ची. आपला शब्दाच्या पोटातला ‘ड’ युरोपियन कानास ‘र’सारखा ऐकू येतो, म्हणून इंग्रज अधिकारी बडोद्याच्या महाराजांसही ‘गायकवार’ आणि क्वचित ‘गुइकोवर’ लिहीत. नोंदवहीतील पणजोबा ‘गायकवार’ आणि शाळेच्या दाखल्यावरील पणतू ‘गायकवाड’ असे दिसले तर ती दोन घराणी समजू नयेत. पासपोर्टच्या कचेरीत या एका अक्षरापायी हेलपाटे घालावे लागलेली कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत.

अक्षरांचा हा गोंधळ आपल्यापुरता नाही. आयर्लंड हा जुना कॅथलिक देश, आणि वंशपरंपरेने चालणारी आडनावे युरोपात फार लवकर, दहाव्या-अकराव्या शतकांत, तेथे रुजली. तेथील ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. इंग्रजांच्या अमलात तेथील ‘ओ मुर्खू’सारख्या नावाचे कारकुनांनी ‘मर्फी’ केले आणि आज ते त्या देशातील सर्वांत मोठे आडनाव आहे. कित्येकांनी ‘ओ’ गाळून टाकला, कारण तो लावणे अडाणीपणाचे व धोक्याचे वाटू लागले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वभाषेचा अभिमान जागा झाल्यावर अनेक घरांनी तो पुन्हा लावला, आणि ‘सलिव्हन’चे ‘ओ’सलिव्हन’ झाले. तेथे श्रद्धा तीच राहिली आणि नाव मोडले. आपल्याकडे श्रद्धा नवी आली आणि नाव जसेच्या तसे राहिले.

नाव राहिले तसे नावामागचे नियमही राहिले, आणि येथे आम्हां धर्मगुरूंची खरी कसोटी लागते. विवाहापूर्वीच्या चौकशीस मुलाचे व मुलीचे आईवडील येतात. मुलगा गायकवाड आणि मुलगीही गायकवाड असली तर घरातील वडीलधारी माणसे तयार होत नाहीत. “फादर, एकच आडनाव, भाऊ-बहीण लागतात.” दोघांची गावे शंभर मैल दूर आहेत, पाच पिढ्यांत नाते सापडत नाही, ख्रिस्तसभेच्या कायद्यात समान आडनाव ही अडचण मुळीच नाही, हे सारे सांगून झाले तरी म्हातारी आजी मान हलवीतच राहते. याउलट मामाच्या मुलीशी लग्न ठरविलेले असले, की दोन्ही घरे आनंदात असतात. आडनावे वेगळी, पाहिलेली मुलगी, घरातले घरात. तेथे मात्र अडचण आमची असते. १९८३ च्या संहितेप्रमाणे रक्ताच्या नात्यात आडव्या रेषेत चौथ्या अंशापर्यंत विवाह होऊ शकत नाही, आणि मामेबहीण नेमकी चौथ्या अंशात येते. बिशपांकडून सूट मिळाल्याशिवाय तो विवाह लावता येत नाही. १९१७ च्या संहितेत तर ही मर्यादा आणखी एक पिढी दूर होती. म्हणजे परंपरा जेथे ‘नको’ म्हणते तेथे ख्रिस्तसभा ‘खुशाल करा’ म्हणते, आणि परंपरा जेथे ‘हो’ म्हणते तेथे ख्रिस्तसभा थांबविते. परंपरा रक्त मोजते ते आडनावावरून, बापाच्या बाजूने. ख्रिस्तसभा आई आणि बाप या दोहोंकडून सारखेच मोजते. शंभरांहून अधिक वर्षे आपली घरे या दोन मापांनी एकाच वेळी मोजली जात आली आहेत. ख्रिस्तसभेचे माप अधिक न्याय्य आहे असे आम्ही मानतो, कारण त्यात आईचे रक्त धरले जाते. पण आजीचा नकारही आम्ही कधी हसण्यावारी नेला नाही. तो तिच्या कुळाच्या स्मृतीतून येतो.

पुढची हकीकत गेल्या शतकातील आहे आणि ती अवघड आहे. नाशिक जिल्ह्यातील आंबे येथे १९०२ मध्ये जन्मलेले भाऊराव कृष्णराव गायकवाड, ज्यांस लोक दादासाहेब म्हणत, हे १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात डॉ. आंबेडकरांचे उजवे हात होते. १९३५ साली आपल्या कोपरगावाशेजारील येवले येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या बाबासाहेबांच्या आयुष्यातही गायकवाड हे नाव दोन रूपांनी येते. १९१३ मध्ये ते अमेरिकेस शिकावयास गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. आणि परत आल्यावर १९१७ मध्ये त्याच गायकवाडांच्या राजधानीत त्यांस अस्पृश्य म्हणून राहावयास खोली मिळाली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा झाली आणि लक्षावधी लोक बौद्ध झाले. त्यांत गायकवाड होतेच. अशा रीतीने एका पणजोबाच्या वंशात कोणी हिंदू, कोणी बौद्ध आणि कोणी ख्रिस्ती, अशी तीन अंगणे झाली. गावाकडच्या लग्नकार्यात ही तिन्ही अंगणे आजही एका मांडवाखाली येतात.

कायद्याने मात्र ती वेगळी केली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती बाहेर राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचविले, २०२२ मध्ये या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आदेशातील अट काढली गेलेली नाही. महाराष्ट्रात आपल्या मुलांस इतर मागासवर्गात स्थान आहे, पण चुलतभावास जे मिळते ते त्यांस मिळत नाही. आडनाव एक, आजोबा एक, गावातील वाट्यास आलेली हेटाळणी एक, आणि दाखला वेगळा. यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या वहीत दुसरा, असे जगणारी घरे आहेत. गायकवाड हे आडनाव त्यांस दोन्हीकडे उभे राहू देते, कारण त्यावरून धर्म ओळखू येत नाही. अशी माणसे रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि लेकराच्या स्नानसंस्काराची वेळ आली की पुढे यावे की नाही या विचारात पडतात. आम्ही त्यांस दोष देत नाही. दोन भावांस दोन मापे लावणाऱ्या नियमास आम्ही दोष देतो, आणि तो उघडपणे देतो.

आज हे आडनाव कोठे कोठे आहे, याचे आकडे देण्याचा मोह आम्ही टाळतो. तथापि ते ज्या वाटांनी पसरले त्या स्पष्ट आहेत. पहिली वाट लोखंडी रस्त्याची. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, आणि त्या सुमाराच्या दुष्काळात पोटासाठी बाहेर पडलेल्यांनी तो धरला. दुसरी वाट पाण्याची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, उसाचे मळे आले, हरेगाव-टिळकनगरचे साखर कारखाने आणि १९५० नंतर प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. कोरड्या तालुक्यांतील कुटुंबे श्रीरामपूर-राहात्याकडे सरकली आणि तेथील धर्मग्रामे फुगली. तिसरी वाट शाळेची. मिशनच्या शाळांतून शिकलेले मास्तर, परिचारिका आणि कारकून पुणे, मुंबई, नाशिक, संभाजीनगरपर्यंत गेले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी पुढच्या पिढीस ओढून घेतले. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला आणि त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव झाले. पोर्तुगीज वळणाच्या आडनावांबरोबर आपल्या मातीतले आडनाव बिशपांच्या आसनावर पाहून त्या दिवशी कित्येक म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले असतील. सप्टेंबरात हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस गेले की या सर्व वाटांवरची मंडळी एका मैदानात भेटतात आणि एकमेकांस पहिला प्रश्न विचारतात तो हाच: “कोणते गायकवाड? मूळ गाव कोणते?”

या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे आता कमी होत आहेत. उत्तर देणारे कागद मात्र अजून आहेत, आणि ते धर्मग्रामाच्या कपाटात आहेत. १९२२ साली आयर्लंडमधील यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तर जळाले. एकोणिसाव्या शतकातील शिरगणतीचे कागद आणि तेथे आणून ठेवलेल्या प्रॉटेस्टंट धर्मग्रामांच्या शेकडो वह्या त्यात भस्म झाल्या. कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या वाचल्या, कारण त्या गावोगावच्या फादरांनी आपल्यापाशीच ठेविल्या होत्या. आज अमेरिकेतील व ऑस्ट्रेलियातील आयरिश वंशाचे लोक पणजोबाचा शोध घेतात तो या वह्यांतून. २०१५ पासून त्या वह्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. आपल्या वह्यांस आगीपेक्षा वाळवीचे आणि गळक्या छपराचे भय अधिक आहे. आमच्या कपाटातील एका वहीची कडेची दोन बोटे वाळवीने नेली आहेत. ज्या धर्मग्रामांत तरुण मंडळ आहे आणि ज्यांच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे, त्यांनी फादरांची परवानगी घेऊन एक उन्हाळा या कामास द्यावा, अशी आमची विनंती आहे.

हे काम करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येईल. आडनावाचा माग काढीत गेले की केवळ मुलगे सापडतात. गायकवाडांच्या लेकी साळव्यांकडे, पंडितांकडे, त्रिभुवनांकडे गेल्या, तेथे त्यांचे आडनाव बदलले, आणि त्यांच्या लेकरांच्या अंगातील गायकवाडांचे रक्त कोणत्याही यादीत राहिले नाही. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या मूळ नोंदीतही करावी लागते. त्यामुळे लेक जेथे जन्मली त्या धर्मग्रामाच्या वहीत, तिच्या नावासमोरच्या समासात, बारीक अक्षरांत तिच्या लग्नाची तारीख, गाव आणि नवऱ्याचे नाव लिहिलेले असते. वाळवीने आमच्या वहीचा जो भाग खाल्ला तो हा समास होय.